भीमा-नीरेच्या खोऱ्यातील मत्स्यनामे : वाचन आणि वर्गीकरण

एखाद्या प्रदेशातील प्राण्यांची व वनस्पतींची नावे म्हणजे केवळ शब्दांची यादी नव्हे. सभोवतालच्या सृष्टीची विभागणी त्या प्रदेशातील भाषिकांनी कोणत्या गुणांच्या आधारे केली, कोणते भेद त्यांना महत्त्वाचे वाटले आणि कोणते उपेक्षणीय वाटले, याची ती नोंद असते. या दृष्टीने पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यातील मत्स्यनामांचा अभ्यास विशेष उद्बोधक ठरतो. या खोऱ्यातील कित्येक मराठी मत्स्यनामे प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नामावलीत सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी दाखल झाली आणि तेथे इंग्रजी वर्णांच्या वेषात आजतागायत टिकून आहेत. मात्र हा वेष उतरविताना चूक झाली की मराठीत कधीही नसलेला शब्द मराठी नाव म्हणून परत येतो. ही नावे कशी वाचावीत, वाचल्यावर त्यांतून कोणते वर्गीकरण प्रकट होते, आणि उजनी धरणानंतर नामकरणाची दिशा कशी पालटली, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. प्रदेश आणि साधने

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या दक्षिणेस नीरा वाहते, इंदापूरच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा आहे, आणि नरसिंगपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. बारामती शहरातून जाणारी कऱ्हा नीरेलाच मिळते. हा सर्व प्रवाह कृष्णेच्या खोऱ्याचा भाग असल्यामुळे येथील मूळ मासे हे कृष्णा खोऱ्यातील मासेच होत.

या माशांची पहिली महत्त्वाची शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यातील अधिकाऱ्याने केली. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी नेमणूक केली आणि १८३१ पर्यंत तो दख्खनमध्ये फिरत होता. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे आला. त्याचा सारांश १८३९ मध्ये व सचित्र पूर्ण पाठ १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक जातींची नावे लॅटिन वा ग्रीक शब्दांवरून न घडविता साइक्सने स्थानिक नावांवरूनच घेतली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. म्हणजे साइक्सची मत्स्यनामे मराठी कोशकार्याच्या आरंभकाळाशी समकालीन आहेत.

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जातिनामाचे मूळ वर्णलेखन सामान्यतः कायम ठेवावे लागते. जातीचे प्रजातीतील स्थान बदलले तर पहिले पद बदलते. जातिवाचक शब्द मात्र टिकतो. हे भाषाभ्यासकास फारच उपकारक आहे. साइक्सने ज्या माशांना एका प्रजातीत घातले, ते पुढील संशोधकांनी दुसऱ्या-तिसऱ्या प्रजातीत हलविले. परंतु त्याने टिपलेला मराठी शब्द, त्याच वर्णांत, प्रत्येक स्थलांतरात माशाबरोबर गेला.

२. लेखनपद्धतीची किल्ली

साइक्सच्या काळी भारतीय शब्द इंग्रजी वर्णांत लिहिण्याच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. विल्यम जोन्सच्या पद्धतीत ऱ्हस्व ‘अ’साठी ‘ए’ हा वर्ण व ‘उ’साठी ‘यू’ हा वर्ण येत असे. पुढे हीच पद्धत रूढ झाली. गिलख्रिस्टच्या वळणाच्या पद्धतीत मात्र ‘यू’ हा वर्ण ऱ्हस्व ‘अ’साठी, दुहेरी ‘ई’ हा ‘ई’साठी आणि दुहेरी ‘ओ’ हा ‘उ-ऊ’साठी वापरला जाई. आजचा वाचक पहिल्या पद्धतीस सरावलेला असल्यामुळे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शब्द तो सहजच चुकीचा वाचतो.

साइक्स कोणत्या वळणाचा होता, हे ठरविण्यास त्याच्याच निबंधातील स्थलनामे पुरेशी आहेत. ज्या नावांचे मराठी रूप निर्विवाद माहीत आहे, त्यांवरून लेखकाची सवय निश्चित करावयाची आणि मग तीच किल्ली अपरिचित नावांना लावावयाची, ही रीत शिलालेखांच्या वाचनातही उपयोगी पडलेली आहे. निबंधाच्या शीर्षकातच ‘दख्खन’ हा शब्द ‘डी-यू-के-एच-यू-एन’ असा आहे. दोन्ही ‘यू’ येथे ‘अ’ दर्शवितात. ‘भीमा’ हे नाव ‘बी’ने सुरू होते व त्यात ‘ई’ दुहेरी आहे. म्हणजे ‘भ’चे महाप्राणत्व सुटले आहे. ‘मुठा’ व ‘मुळा’ यांची रूपे ‘मोटा’ व ‘मोला’ अशी आहेत. म्हणजे ‘ओ’ हा वर्ण ‘उ’साठीही येतो, ‘ठ’चा ‘टी’ होतो आणि ‘ळ’ व ‘ल’ यांत भेद राहत नाही. ‘घोड’ नदीचे नाव ‘गोरे’ असे वाचले जाईल अशा रीतीने लिहिले आहे. ‘घ’चा ‘जी’ व ‘ड’चा ‘आर’ झाला आहे. ‘शिरूर’ हे नाव ‘एस’ या एकाच वर्णाने आरंभिले आहे. म्हणजे ‘श’ व ‘स’ हा भेदही नोंदीत नाही.

एवढ्यावरून काही नियम हाती येतात. ‘यू’ म्हणजे प्रायः ‘अ’, दुहेरी ‘ई’ म्हणजे ‘इ-ई’, ‘ओ’ म्हणजे ‘ओ’ किंवा ‘उ’, महाप्राण कधी दाखविला जातो, कधी गळतो, दंत्य व मूर्धन्य यांत भेद नाही, ‘आर’ हा ‘र’ असू शकतो व ‘ड’ही असू शकतो, ‘एस’ हा ‘श’ही असू शकतो. स्वरांच्या बाबतीत ही किल्ली बरीचशी निर्णायक आहे, व्यंजनांच्या बाबतीत ती पर्याय मर्यादित करते.

३. काही नावांचे वाचन

पहिले उदाहरण ‘एन-यू-के-टी-ए’ या वर्णांनी लिहिलेल्या नावाचे घेता येईल. आजच्या सवयीने ते ‘नुक्ता’ असे वाचले जाते आणि अर्थ लागत नाही. किल्ली लावली की ‘नकटा’ हा नित्याचा मराठी शब्द समोर येतो. हा मासा आज शिस्मॅटोरिंकस या प्रजातीत आहे आणि त्या प्रजातिनामाचा ग्रीक अर्थच ‘चिरलेल्या नाकाडाचा’ असा आहे. माशाच्या तोंडावर पुढे आलेला फुगवटा असून त्यावर खोल आडवी खाच असते. नाक कापल्यासारखे दिसणाऱ्या माशास भीमेकाठच्या मासेमाराने नकटा म्हटले आणि युरोपीय शास्त्रज्ञाने त्याच लक्षणावरून ग्रीक नाव घडविले. चोचीवर कंगोरा असलेल्या बदकासही मराठीत नकटाच म्हणतात. अर्थ, लक्षण आणि समांतर प्रयोग असे तीन पुरावे येथे एकत्र येत असल्यामुळे हे वाचन भक्कम मानता येते. हा मासा आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे.

रिटा या प्रजातीतील एका जातीचे नाव ‘गोग्रा’ असे लिहिलेले आहे. ‘घोड’ या नावातील ‘घ’ची गती लक्षात घेतली म्हणजे हे ‘घोगरा’ असल्याचे ध्यानात येते. त्याच प्रजातीतील दुसऱ्या जातीचे नाव आजचा वाचक ‘कुतुर्नी’ असे उच्चारील. नियमाने ते ‘कतरणी’ होय. गारा प्रजातीतील ‘मुल्या’ वस्तुतः ‘मळ्या’ आहे.

महासीर-कुळातील ज्या जातीस मराठी लेखनात अलीकडे ‘खुद्री’ असे म्हटलेले आढळते, तिच्या नावातील ‘यू’ हा ‘अ’ आहे. तेथे ‘खदरी’, ‘खद्री’ किंवा ‘खडरी’ यांसारखे रूप असले पाहिजे. ‘खुद्री’ हे रूप मासेमारांकडून आलेले नाही. मराठीतून इंग्रजी वर्णांत व तेथून पुन्हा देवनागरीत आलेले ते एक विकृत रूप होय.

किल्लीची मर्यादाही एका उदाहरणाने स्पष्ट करणे आवश्यक आहे. लाबिओ प्रजातीतील एका जातीचे नाव ‘पी-ओ-टी-ए-आय-एल’ असे आहे. यात ‘पोट’ हा शब्द पाहण्याचा मोह होतो. परंतु कंपनीकाळातील इंग्रजी लेखनात ‘पाटील’ हा शब्द नेमक्या याच वर्णांनी लिहिला जात असे, आणि १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही हे रूप नोंदलेले आहे. दोन्ही वाचने लेखननियमांत बसतात. अशा ठिकाणी व्युत्पत्ती रचणे अनुचित होय; तेथे निर्णय नदीकाठच्या बोलीनेच द्यावयाचा असतो.

४. लोकवर्गीकरण आणि शास्त्रीय वर्गीकरण

नाव बरोबर वाचले गेले म्हणजे त्यामागील वर्गीकरणही दिसू लागते. साइक्सने दोन बिनखवल्यांच्या, मिशाळ माशांची नावे टिपली आहेत. ‘शिरूर’मधील ‘श’ची साक्ष घेऊन ती ‘शिंगटी’ व ‘शिंगाळा’ अशी वाचता येतात. दोहोंच्या मुळाशी ‘शिंग’ हा शब्द आहे. एकात ‘-टी’ हा लघुत्वदर्शक स्त्रीलिंगी प्रत्यय आहे. दुसऱ्यात ‘-आळा’ हा युक्ततादर्शक पुल्लिंगी प्रत्यय आहे. शिंगटी आकाराने लहान, शिंगाळा मोठा. मराठीत लोटा-लोटी, गाडा-गाडी या जोड्यांत लिंगभेदाने आकारभेद सांगितला जातो, तीच रीत येथे जीवसृष्टीस लावलेली दिसते. मूळ एक, प्रत्यय भिन्न. म्हणजे कुळ एक, जाती भिन्न, असे हे वर्गीकरण होय.

साइक्सने मात्र या दोन माशांना पायमेलोडस व प्लॅटिस्टोमा या दोन निराळ्या प्रजातींत घातले होते. त्या काळी दक्षिण अमेरिकेतील माशांनाही हीच प्रजातिनामे दिली जात. आज त्यांची नावे मिस्टस शिंगटी व स्पेराटा शिंगाळा अशी आहेत आणि दोन्ही प्रजाती बॅग्रिडी या एकाच कुळात येतात. १८३९ च्या शास्त्रीय मांडणीपेक्षा मासेमाराची जोडी आजच्या मांडणीस अधिक जवळ आहे.

यावरून लोकवर्गीकरण नेहमीच शास्त्रास अनुकूल असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ‘वाम’ हा शब्द पाहावा. देशावरील नद्यांत वाम म्हणजे पाठीवर काट्यांची रांग असलेला सर्पाकार मासा. कोकणच्या किनाऱ्यावर वाम म्हणजे समुद्रातील अहिर-वर्गीय मासा. प्राणिशास्त्रानुसार हे दोन मासे दोन भिन्न गणांतील आहेत. भाषेने येथे वंश न पाहता आकार पाहिला आहे. ब्रेंट बर्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये लोकवर्गीकरणाची जी सामान्य तत्त्वे मांडली, त्यांतील एक असे की, जेथे निसर्गातील खंड ठळक असतो तेथे निरनिराळ्या समाजांची नावे परस्परांशी व शास्त्राशी जुळतात. या तत्त्वाच्या प्रकाशात शिंगटी-शिंगाळा ही जोडी व वाम हे नाव या दोहोंचीही उपपत्ती लागते.

अन्य भाषांतही हाच प्रकार दिसतो. ‘बोनितो’ हा स्पॅनिश-पोर्तुगीज शब्द; त्याचा अर्थ ‘देखणा’. या एका नावाखाली व्यापारात सार्डा प्रजातीतील मासे येतात, तसाच पोटावर पट्टे असलेला एक टूना-वर्गीय मासाही येतो. या दुसऱ्या माशासाठी जपानी शास्त्रज्ञ किशिनोउये याने १९१५ मध्ये कात्सुवोनस ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि तिचे नाव ‘कात्सुओ’ या जपानी लोकनामावरून घडविले. बाजाराने जे एकत्र केले होते ते शास्त्राने विभक्त केले. पण त्यासाठी शब्द मात्र मासेमारांच्याच भाषेतून घेतला. साइक्सच्या मराठी नावांची जातकुळी हीच होय.

नावाच्या व्यवहारातील गोंधळ केवळ कोशकारांपुरता राहत नाही. साइक्सने दख्खनमधील एका माशास दिलेले, नियमाने ‘मसल्ला’ किंवा ‘मसळा’ असे वाचावे लागणारे नाव पुढे कावेरीच्या खोऱ्यातील प्रचंड आकाराच्या, कुबड असलेल्या महासीरला चिकटले. दख्खनचा मूळ मासा महासीर नसून हिप्सेलोबार्बस प्रजातीतील आहे. कावेरीतील मासा टॉर रेमादेवी ही जाती असल्याचे २०१८ मध्ये प्रस्थापित झाले आणि त्याच वर्षी तिची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. तोवर जगभरच्या गळकऱ्यांस सुपरिचित असलेला हा मासा स्वतःच्या बिनचूक नावाशिवाय होता. ज्याचे नाव निश्चित नाही, त्याच्या संरक्षणाची नोंद करणे कठीण.

५. उजनीनंतरची नावे

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. इंदापूर तालुक्यातील भिगवण, पळसदेव या परिसरापर्यंत जलाशयाचे पाणी पसरले. वाहत्या नदीच्या जागी स्थिर पाण्याचा विस्तार आला आणि त्याबरोबर माशांची व पर्यायाने नावांची व्यवस्थाही पालटली.

आज भिगवणच्या मासळीबाजारातील नावांचे तीन थर पाडता येतात. मरळ, वाम, शिंगाळा ही जुन्या नदीची नावे पहिल्या थरात येतात. रोहू, कटला, मृगळ ही नावे दुसऱ्या थरातील. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील असून मत्स्यबीजाबरोबर त्यांची उत्तरेकडील नावेही आली. १८२२ मध्ये हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील ग्रंथात हीच लोकनामे जातिनामे म्हणून स्वीकारली होती. कटल्याचे प्रजातिनाम त्यानंतर कॅटला, जिबेलिओन, लाबिओ असे अनेकदा बदलले. बाजारातील ‘कटला’ अढळ राहिला. परदेशी कार्प माशास ‘सायप्रिनस’ म्हटले जाते, तो तर प्राणिशास्त्रातील प्रजातिनामाचाच बाजारात झालेला प्रवेश होय.

तिसऱ्या थरातील ‘चिलापी’ हे नाव भाषादृष्ट्या सर्वांत उद्बोधक आहे. हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषेत ‘त्लापी’ यासारखा उच्चार असलेला शब्द माशाचा वाचक आहे. त्यावरून १८४० मध्ये अँड्र्यू स्मिथने ‘तिलापिया’ हे प्रजातिनाम घडविले. तेथून ते इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत आले. मराठीत आद्य व्यंजन पुढील ‘इ’च्या सान्निध्याने तालव्य होऊन ‘चि’ झाले. अंत्य ‘-इया’चा ‘-ई’ झाला. संस्कृत ‘मृत्तिका’, ‘शाटिका’ यांतील ‘-इका’ प्राकृतात ‘-इआ’ होऊन मराठीत ‘माती’, ‘साडी’ अशा ईकारान्त स्त्रीलिंगी रूपांत स्थिरावली. परक्या शब्दानेही तोच साचा स्वीकारला. शिवाय ‘शिंगटी’सारखी नावे शेजारी होतीच. ‘चिलापी’चा अंत्य भाग त्स्वाना शब्दाशी पुन्हा जुळतो, तथापि तो योगायोग होय, संबंधाचा पुरावा नव्हे.

शास्त्राने मात्र हे नाव या माशाकडून काढून घेतले आहे. १९८३ मध्ये एथेलविन ट्रेवावास यांनी पिलांच्या संगोपनाच्या रीतीवरून या समूहाची फेरमांडणी केली. अंडी तोंडात धरून जपणाऱ्या मादीचे मासे ओरिओक्रोमिस प्रजातीत गेले. तिलापिया हे नाव तळावर अंडी घालणाऱ्यांकडे राहिले. उजनीची चिलापी शास्त्रदृष्ट्या तिलापिया नाही. परंतु इंदापूरच्या बाजारात ती चिलापीच आहे, आणि भाषेच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नाही.

‘मांगूर’ या नावाची गोष्ट निराळी आहे. देशी मांगूर आणि आफ्रिकेतील क्लॅरियस गॅरिपिनस यांना बाजारात एकच मूळ शब्द लागतो. दुसऱ्यास ‘थाई’ हे विशेषण जोडले जाते. हे विशेषण माशाचा मूळ देश सांगत नाही. या परदेशी माशाच्या संवर्धनास भारतात बंदी आहे. विशेषण गळून केवळ ‘मांगूर’ उरला की निषिद्ध व विहित हा भेदच शब्दातून नाहीसा होतो.

६. संकलनाची दिशा

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या नावांचे वर्णलेखन शास्त्राने जपले, त्यांचा उच्चार व अर्थ जपण्याची जबाबदारी मात्र मराठीची आहे. लेखननियमांची किल्ली पर्याय कमी करते. शेवटचा निर्णय बोलीच देऊ शकते. धरणापूर्वीच्या भीमेत ज्यांनी विशीत जाळे टाकले, ते मासेमार आज पासष्टीच्या पुढे आहेत. ‘खदरी’ की ‘खडरी’, ‘पाटील’ की ‘पोटाईल’, हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी होय.

यास्तव भिगवण, पळसदेव, इंदापूर व नरसिंगपूर येथे, तसेच कऱ्हा-नीरेच्या काठच्या बारामती तालुक्यातील गावांत नामसंकलन करताना काही पथ्ये पाळणे इष्ट आहे. छापील यादी वाचून दाखवून होकार घेऊ नये. मासा किंवा त्याचे स्पष्ट चित्र पुढे ठेवून नाव विचारावे. नाव ध्वनिमुद्रित करावे, आणि दंत्य-मूर्धन्य, ‘ल’-‘ळ’ व महाप्राण यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण साइक्सच्या नोंदीतील उणिवा नेमक्या तेथेच आहेत. नावाचे लिंग, अनेकवचन व सामान्यरूप टिपावे. लहान व मोठ्या माशास एकच नाव आहे की दोन, कोणता मासा कोणाचा ‘भाऊबंद’ मानला जातो, हेही विचारावे. वर्गीकरण त्यातूनच उलगडते. बोलणाऱ्याचे वय व त्याने मासेमारी कोणत्या पाण्यात केली याची नोंद करावी. नमुन्याची ओळख प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाकडून करून घ्यावी. तिच्यावाचून शब्दसंग्रह अधांतरी राहतो.

असे संकलन सिद्ध झाल्यास मराठी शब्दकोशात नकटा, घोगरा, मळ्या, शिंगटी यांच्यापुढे ‘एक प्रकारचा मासा’ एवढाच अर्थ देण्याची वेळ येणार नाही, आणि पाठ्यपुस्तकांत ‘खुद्री’सारखी परतून आलेली रूपे मराठी म्हणून रूढ होणार नाहीत.